गृहपाठावरची सही

मागच्या वर्षी ऑस्ट्रेलियात, पश्चिम व्हिक्टोरियातल्या एका शाळेतल्या मुलाने जीव दिला. मोठ्यांनी त्याच्या नावाने निलगिरीचं रोप लावलं, फोटो काढले आणि पाणी घालायला विसरले. यंदा त्यांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं कामही पोरांवरच ढकललं. नववीला दोन दिवस शिकवलं की मित्राला आत्महत्येबद्दल आडून विचारायचं नाही, सरळ विचारायचं. गृहपाठ म्हणून कुणा एकाला तो प्रश्न मोठ्याने विचारून फॉर्मवर त्याची सही आणायची होती.

शाळेच्या बसमध्ये टॅमसिनने शेजारच्या फार्मवरच्या कॅलमला गाठलं. "ए गाढवा, सही पाहिजे. तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?"

"तुझ्या शेजारी बसलो की रोज येतो."

मागच्या सीटवरची पोरं खिदळली. टॅमसिनने फॉर्मवरचा पुढचा प्रश्न वाचला. "घरात जिवाला धोका होईल अशी काही वस्तू आहे का? ती दुसऱ्याकडे ठेवायला देशील का?"

"आहे ना. माझे फुटबॉलचे मोजे. वास घेतलास तर जागीच आडवी होशील. उद्या आणून देतो, ठेव तुझ्याकडे."

"नीट सांग ना, मेल्या."

"मोजेच लिही," म्हणत त्याने सही ठोकली.

तिने वैतागून 'मोजे' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढल्यावर कॅलमने गाठ मारलेला एक मोजा तिच्या मांडीवर टाकला आणि शेजारी बसला.



मोज्यात त्याच्या बापाच्या बंदुकीच्या कपाटाची किल्ली होती.