मोहफुलांची टोपली

बायको कमळाबाई गेल्यावर निवृत्त सोमाजी मास्तरांनी तंत्रनिकेतनात शिकवतानाचा संगणकाचा जुना नाद पुन्हा धरला आणि वर्षभर खपून मोबाइलवरचा एक खेळ तयार केला. बाईने जंगलात मोहफुले वेचून टोपली भरायची आणि सुखरूप घरी परतायचे, एवढाच तो खेळ.

तो विकायला ठेवणाऱ्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचा, प्रफुलचा, नागपूरहून फोन आला. “सर, बाई वाकत काऊन नाई? ताठ उभी राहूनच फुलं उचलते. घेणारे हासून राह्यले. तेवढं दुरुस्त करा, नाईतं खेळ पडून राहील.”

“पडून राहू दे. पण मी तिले वाकू देणार नाई.”



त्या चैत्रात मोहाच्या झाडाखाली वाकलेली कमळाबाई वाघाला माणूस वाटली नव्हती.