अर्धा वळसा

“वेखंडाचा अर्धाच वळसा, बयो, पण तेवढा द्यायचाच. थोडं म्हणजे काहीच नाही, असं नसतं.” सहाणेवर बाळगुटी उगाळणाऱ्या आईचा जुना आवाज यामिनीला भर बैठकीत ऐकू आला.

फळ्यावर तिच्या चमूच्या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या दशांश संख्यांचा आराखडा होता. एकच गोष्ट ठरायची राहिली होती: नेहमीच्या साच्यात न मावणाऱ्या अतिबारीक संख्या जपायच्या, की सरळ शून्य करायच्या?

“शून्यच करू या,” म्हणत देवदत्तने मार्कर उचलला. “गणितं भरभर होतील. दशांशचिन्हापुढे चाळीस शून्यं, मग कुठे एक आकडा उगवणार! त्या पिटुकल्यावाचून कुणाचं काय अडतंय, यामिनीताई?”

सगळे हसले. सात वर्षांपूर्वी, जुन्या नोकरीत, यामिनीही अशीच हसली होती. नवजात बाळांच्या तपासणीचा तो प्रोग्रॅम ‘आजार आहे’ आणि ‘आजार नाही’ अशा दोन शक्यता तोलून पाहायचा. एका मुलीच्या वेळी दोन्ही संख्या गुणता गुणता अतिबारीक झाल्या. ‘आहे’ची बाजू जड होती, तरी दोन्हींचं शून्य झालं, बरोबरी धरली गेली आणि अहवालात ‘आजार नाही’ छापून आलं. उपचारांना उशीर झाला, मुलीचे कान गेले. चौकशीत तपासणीच्या यंत्रावर ठपका ठेवला गेला, आणि यामिनी गप्प बसली.

तिने देवदत्तच्या हातून मार्कर काढून घेतला.

“अडतं, देवदत्त. एका मुलीचं अडलंय. तिथे शून्य करणारी ओळ मी लिहिली होती.”