दंडाची पट्टी

सोमाच्या दंडाभोवती गुंडाळलेली कुपोषण मोजायची पट्टी हिरव्या रंगावर थांबली, तशी मी ओरडलेच, "कौतिका, बघ! तुझं पोर लालमधून बाहेर आलं!"

तीन महिने अंगणवाडीत त्याला मांडीवर घेऊन मीच रोज अंडं भरवत होते. त्याच्या आईचा चेहरा मात्र उतरला.

"ताई, मग घरी न्यायची खाऊची पाकिटं बंद?"

"बंदच. ती लालमधल्या कुपोषित पोरांनाच असतात."

"माझ्या थोरल्या दोघी पोरीबी त्याच पाकिटांवर हायेत वो. त्यांचं वय तुमच्यात बसत न्हाई. लालच लिवा की."

"खोटं लिहिणार नाही मी," म्हणत मी ठसठशीत 'हिरवा' लिहिलं. वर तिलाच झापलं.

त्यानंतर सोमा आलाच नाही. मामाकडं गेलाय, असं ती सांगायची. महिन्यानं ती त्याला खांद्यावर टाकून घेऊन आली. त्यानं मान टाकली होती. मी पट्टी गुंडाळली. लाल.

"अगं, काय खायला घालत होतीस याला?"

कौतिकानं पाकिटं न्यायची रिकामी पिशवी पुढं केली.

"लिवा आता. खोटं न्हाई लिवावं लागायचं तुमाला."