बिल नसलेली खोली

“स्वयंपाकघर सोडून द्या,” वर्ध्याहून आलेला छताच्या कंपनीचा माणूस म्हणाला आणि वहीतल्या नकाशावर त्यानं फुली मारली. “तिथं साधा पंखा नाही. विजेचा खर्च शून्य. मग वाचणार काय?”

धनंजयनं मान हलवली. हॉल आणि दोन खोल्यांवर ऊन अडवणारा थर टाकायचा. कूलर-एसीचं बिल निम्मं. सहा वर्षांत पैसा वसूल. कूलरच्या वाऱ्यात बसून ऐकताना गणित कोणालाही पटलं असतं.

दारात यशोदाबाई रसासाठी आंबे पिळत होत्या. त्यांनी कोय टोपल्यात आपटली.

“पंखा काऊन नाई, ते इचारा ना भाऊ माह्या पोराले.”

“काऊन नाई, आजी?”

“वाऱ्यानं गॅस इझते म्हणून. उकडून घ्याची हौस नाई कोणाले.”

आत स्वयंपाकघरात, टिनाच्या छताखाली, सून मोहिनी पोळ्या लाटत होती. मे महिन्याची दुपार, डोक्यावर ओला टॉवेल. काल ती ओट्यापाशीच चक्कर येऊन पडली होती. धनंजयनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि पाचच मिनिटांनी विचारलं, पोळ्या किती राहिल्या.

“टिनावरही टाक तो थर,” यशोदाबाई म्हणाल्या.

“माय, तू मधात नको बोलू. तिथं टाकलेला पैसा कधीच वसूल होत नाई.”

“बरोबर हाय. पोळ्या तर झाडालेच लागतात.”

पाहुणा हसला. धनंजय हसला नाही. “बोलणं पुरे. ताटं घे, भाऊले परत जायचं आहे.”

यशोदाबाईंनी ताटं मांडली, वाट्यांत रस ओतला. मग हात पदराला पुसले, कूलरचा प्लग उपटला आणि कूलर ढकलत निघाल्या. पाणी हिंदकळलं, पाहुण्याच्या पायमोज्यांवर सांडलं. थांबल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात कूलर उभा केला, तोंड ओट्याकडे केलं, दाराजवळच्या सॉकेटमध्ये प्लग खुपसला, बटण दाबलं.

जाळ आडवा झाला आणि विझला. तव्यावरची पोळी अर्धी कच्ची राहिली.

“आत्याबाई, गॅस...” मोहिनीनं घाईनं शेगडी बंद केली आणि लायटर शोधू लागली.

“राहू दे इझलेला. इकडं तोंड कर.”

हॉलमधून धनंजय ओरडला, “माय! कूलर काऊन नेला? अन् पोळी कुठं आहे?”

“तुह्या बायकोचं बिल चालू केलं,” यशोदाबाई तितक्याच जोरात ओरडल्या. “आता दिसंन ते तुले!”

मोहिनीनं टॉवेल काढला. कपाळाला चिकटलेले केस मागं सारले आणि डोळे मिटून वाऱ्यात उभी राहिली.

हॉलमध्ये दोघांपुढे रसाच्या वाट्या काठोकाठ भरलेल्या होत्या. ताटं रिकामी.