हवापालट

खिडकीखाली हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव रंगला होता. तिने टेबल खिडकीशी ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यापासून तिच्या हातून एक ओळ उतरली नव्हती. शेवटी त्यानेच हट्ट धरला, "हवापालट कर, सुचेल." नणंद त्याच्यापाशी राहायला आली आणि ही इकडे आली.

आणि खरंच सुचलं. जेवणाचंही भान राहिलं नाही. कथेतली बाई समुद्राकाठी घर घेते, उशिरा उठते, मोठ्याने गाते. तिचा नवरा पहिल्याच ओळीत वारलेला. चपापून तिने पान फाडलं आणि दुसरी कथा धरली. तिच्यातही भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो आला. पुढचीही तशीच. कितीही वळवली तरी लेखणी तिथेच जायची.

संध्याकाळी त्याचा फोन आला. तिची प्रत्येक कथा सर्वांत आधी तोच ऐकायचा.

"सुचलं का गं?" त्याची जीभ जड होती. "वाच ना."

तिने पानं पालथी घातली. "नाही रे. काहीच नाही."

"मग राहा की अजून चार दिवस," तो समजुतीने म्हणाला. "मी कुठे जातोय?"