किंकाळीची मालकीण

“अभिजात कलाकृती अमर असते! तिला नवी करायला निघालेला माणूस म्हणजे स्वतःच्या आईला रंगरंगोटी करून सौंदर्यस्पर्धेत उभं करणारा हरामखोर!”

म्हातारा खलनायक गरजला आणि शेवटच्या शब्दाबरोबर त्याची वरची कवळी चहाच्या कपात पडली.

बायकोने ती चमच्याने काढली, धुतली आणि परत दिली. चहा मात्र तोच ठेवला.

समोर बसलेल्या तरुण दिग्दर्शकाने हसू गिळलं. हसणं त्याला परवडणारं नव्हतं. या दोघांचा जुना, गाजलेला रहस्यपट तो नव्याने काढत होता. नव्या नायिकेला कराटे येत होतं. गोडाऊनमध्ये सीसीटीव्ही आला होता. खुनी आता मोबाइलवरून धमक्या देत होता. निर्मात्याला जुनी हवी होती ती एकच गोष्ट: नायिकेची किंकाळी.

गोडाऊनच्या दारात सुरा घेतलेला खलनायक. मग पडदाभर नायिकेचं उघडं तोंड. आणि मग ती किंकाळी, जी ऐकून धडधाकट पुरुषसुद्धा शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरायचे. मूळ फिल्मवरचा आवाज आता खरखरून गेला होता. नव्या नायिकेने ओरडून पाहिलं, तर कुकरची शिट्टी झाली समजून एकजण गॅस बारीक करायला गेला.

“किंकाळी आण, नाहीतर मी दुसरा दिग्दर्शक आणतो,” निर्माता म्हणाला होता.

म्हणून तो इथे आला होता. किंकाळीची मालकीण समोरच होती. सिनेमात जिच्यावर सुरा उगारला गेला, तिने पुढे सुरा उगारणाऱ्याशीच लग्न केलं होतं. आत्ता तिच्या हातात चप्पल होती. दार उघडलं तेव्हापासून होती. दिग्दर्शक बेताच्या अंतरावर बसला होता.

“बाई, एकदाच. रेकॉर्डर बरोबर आणलाय.”

“नाही.”

“घसा बसलाय का?”

“माझा आवाज असाच आहे,” बाई म्हणाली. आवाज एखाद्या निवृत्त हवालदाराला शोभला असता.

“पण लोक तुम्हाला त्या किंकाळीसाठीच ओळखतात.”

“ओळखू देत की. तोंड उघडायचं काम दिलं होतं, ते मी चोख केलं.”

“ती किंकाळणार नाही!” खलनायक कडाडला. सिंहासनावर बसावं तसा तो दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसला होता. “या घरात कुणीही किंकाळणार नाही! चालता हो!”

“साहेब, बाईंना बोलू द्या ना.”

“मला शिकवतोस? अरे, माझं नुसतं पोस्टर बघून पोरं अंथरुणं ओली करायची!”

“आता पोरांची गरज उरली नाही,” बाई म्हणाली.

खलनायकाने तिच्याकडे असं पाहिलं, की दिग्दर्शकानेच मान खाली घातली. “माझी गोळी! चल, आधी तू हो पुढे.”

बाई मुकाट्याने आतल्या खोलीत गेली. दिवा लावला. जमिनीवर दोनदा पाय आपटले. कपाट उघडून ठेवलं. मगच स्वारी आत गेली.

बाई बाहेर आल्यावर दिग्दर्शक हळूच म्हणाला, “बाई, खरं सांगा. ते तुम्हाला धाकात ठेवतात का?”

“कोण, हे?”

“मग अशा माणसाशी लग्न तरी का केलंत?”

बाईने हातातल्या चपलेकडे पाहिलं. “शूटिंग संपलं त्या दिवशी ह्यांना त्या गोडाऊनमध्ये एकटं सोडून जाववेना मला.”

“आणि किंकाळी?”

“तेवढंच एक नाव उरलंय माझ्यापाशी. उद्या मी ओरडले आणि लोक म्हणाले, ही ती नव्हेच, तर काय राहील? जा बाबा तू. आमचं झाकलंय ते झाकलेलं बरं.”

“काय कुजबूज चाललीय?” खलनायक परत येऊन खुर्चीवर पाय घेऊन बसला. “हा अजून इथेच?”

दिग्दर्शकाने ओळखलं, कुलूप बाई असली तरी किल्ली म्हाताऱ्याकडे होती. त्याने पुन्हा सुरा उगारला, तर बाई आपसूक किंकाळेल. त्याने रेकॉर्डर चालू करून गुपचूप टीपॉयवर ठेवला आणि पिशवीतून दोरीने बांधलेलं पुठ्ठ्याचं खोकं काढलं.

“जातो, साहेब. पण एवढी भेट तरी घ्या. तुमचा सुरा. त्याच गोडाऊनमध्ये सापडला. तेव्हापासून हे खोकं कुणी उघडलेलं नाही.”

बाई ताडकन उठली. “इकडे दे ते. आधी मी उघडते.”

“बस खाली!” खलनायकाचे डोळे चमकले. “माझा सुरा आहे. माझं हत्यार मीच काढणार.”

“अहो, ऐका माझं. एवढ्या वर्षांचं बंद खोकं—”

“आयुष्यभर तुझंच ऐकलंय!”

त्याने खोकं मांडीवर घेतलं, दोरी ओढली आणि झाकण उघडलं.

आणि ती आली. तीच. तशीच सरसरत वर चढणारी, मध्येच तुटणारी आणि तुटल्या जागेवरून आणखी वर जाणारी. कप फुटला. खालच्या मजल्यावर कुणीतरी धाडकन दार लावून घेतलं. दिग्दर्शकाच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याने रेकॉर्डरकडे पाहिलं. लाल दिवा जळत होता. सिनेमा वाचला! भरल्या डोळ्यांनी त्याने बाईसमोर हात जोडले.

बाईचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. चप्पल उगारून ती जमिनीवर काहीतरी शोधत होती.

मागे खुर्चीवर, डोळे गच्च मिटून, खलनायक उभा होता.

“मेलं का गं झुरळ?” त्याने बारीक आवाजात विचारलं. “जरा बाहेर टाकून ये ना.”