गाडी रिकामी होईपर्यंत

"गाडी रिकामी झाल्याशिवाय किल्ली मिळत नाही," खिडकीतला माणूस म्हणाला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

ड्रायव्हरने पुन्हा सगळं सांगितलं. बाबा दवाखान्यात आहेत, ऑक्सिजन लावलाय. ताई आणि दाजी उशाशी आहेत. दाजी स्वतः ट्रकवर असतात, त्यांनीच सांगितलं, माल पोचवून ये, तोवर आम्ही आहोत. तीन तासांचा रस्ता. काका, एवढ्या वेळेला सांभाळून घ्या.

काकांनी नोंदवही पुढे ओढली. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत. पाठ वळली की कुलूप.

*नियम २. किल्ली व मोबाइल खिडकीत जमा करावा.*

कुलूप एकेकाळी याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचं. एका ड्रायव्हरला वाटलं माल उतरला, त्याने गाडी हातभर पुढे घेतली. फोर्कलिफ्टची पुढची चाकं गाडीत, मागची माल उतरवायच्या धक्क्यावर. मधल्या हातभर जागेत कुलपाचा डावा पाय गेला. आता तो पाय नुसता सोबतीला होता. तेव्हापासून ही खिडकी, हे खिळे, खिळ्यांवर किल्ल्या. मालक स्वतः आला तरी कुलूप उघडत नाही, असं ड्रायव्हर लोक सांगत.

खिडकीसमोरच्या बाकावरून धक्का दिसत नव्हता. ऐकू मात्र येत होतं. फोर्कलिफ्ट गाडीत शिरली की लोखंडी पत्रा दणकायचा. बावीस खेपांचा माल. एक, दोन, तीन. ड्रायव्हर बोटांवर मोजत होता. सतराव्या दणक्याला खिडकीतल्या खणात त्याचा फोन थरथरला.

कुलपाने फोन उचलला आणि पाय ओढत ते आतल्या खोलीत गेलं. दार लावून घेतलं. आलं ते बऱ्याच वेळाने.

"कोणाचा होता?"

"तुझ्या मालकाचा. गाडी कुठवर आली विचारत होता."

मालक एवढं बोलत नाही कधी, ड्रायव्हरच्या मनात आलं. ताईला एक फोन लावू द्या, म्हणून त्याने हात पुढे केला. कुलपाने पाटीकडे बोट दाखवलं. नियम दोन.

एव्हाना शेजारी आणखी दोन गाड्या लागल्या होत्या. आता कोणता दणका कोणाच्या गाडीचा, काही कळेना.

*नियम ४. चालकाने धक्क्यावर जाऊ नये.*

साडेअकराला कुलूप स्वतः चहा घेऊन आलं. अर्धा बशीत सांडलेला. शेजारच्या बाकावरचा दाढीवाला ड्रायव्हर म्हणाला, अरे, कुलपाने चहा पाजला, आजच लॉटरीचं तिकीट काढ. कोणी हसलं नाही. कुलपाने विचारलं, काही खाल्लंस का. मग विचारलं, वडील काय करायचे.

"गाडीवरच होते. मला त्यांनीच शिकवलं."

शिकवलं म्हणजे काय, छळलं. किल्ली लावण्याआधी गाडीभोवती एक फेरी पायी. पाऊस असो, घाई असो. आरसा खोटं बोलत नाही, बाबा म्हणायचे, पण सगळं खरंही सांगत नाही. एकदा फेरी चुकवली तर भर बाजारात कान पिरगाळला होता. तेव्हा ड्रायव्हर बत्तीस वर्षांचा होता.

ऐकताना कुलूप रिकाम्या कपाकडे बघत होतं. मग कप घेऊन गेलं.

*नियम ७. प्यायलेला, झोप न झालेला किंवा चित्त ठिकाणावर नसलेला चालक, यांस किल्ली देऊ नये.*

बारा वाजले. साडेबारा. दाढीवाला आपली किल्ली घेऊन गेलासुद्धा, तो तर मागून आला होता. ड्रायव्हरचा जीव टांगणीला लागला होता, त्याचा आता संताप झाला. माझी गाडी अजून कशी होत नाही? कुलूप म्हणालं, माल मोजायचं चाललंय. मघाशीही हेच म्हणालं होतं.

"काका, तुमचा बाप असता तर?"

कुलपाने मान वर केली. "तरी तुला किल्ली दिली नसती."

माणूस आहे की दगड, ड्रायव्हर मोठ्याने म्हणाला.

दीडच्या सुमाराला फाटकावरून पहारेकऱ्याने हाक मारली. कुलपाने खणातला फोन खिशात टाकला आणि लगबगीने निघालं, जेवढी त्या पायाने होते तेवढी. किल्ली खिळ्यावरच राहिली. ड्रायव्हरने खिडकीतून हात घातला.

तो धावत धक्क्याशी आला. दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला. किल्ली हातात, बाबा तीन तासांवर.

आणि तो खाली उतरला. शिव्या घालत, डोळे पुसत, पण उतरला. गाडीभोवती फेरी घेऊ लागला.

पुढच्या चाकाखाली ठोकळे होते. मागे फोर्कलिफ्ट नव्हती. माणूस नव्हता. मागचं दार बंद होतं. त्याने ते ओढून उघडलं. आत झाडून काढलेला फळ्यांचा तळ, कोपऱ्यात दोर गुंडाळून नीट बांधून ठेवलेले. दाराला चिठ्ठी अडकवलेली होती.

रिकामी. १०.४०.

त्याने ती दोनदा वाचली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. चिठ्ठी मुठीत चुरगाळून तो वळला तर समोर कुलूप उभं होतं, धापा टाकत. शिवी ओठांवर आली होती. कुलपाने आधी त्याचा फोन पुढे केला.

साधा बटणांचा फोन. शेवटचा कॉल ताईचा. दहा वाजून बावीस मिनिटांनी. बोलणं झालेलं, अकरा मिनिटं.

"किल्ली दे," कुलूप हळूच म्हणालं.

ड्रायव्हरची मूठ आपोआप उघडली. कुलपाने किल्ली उचलली आणि मागे, मान खाली घालून उभ्या असलेल्या दाजींच्या हातात ठेवली.